स्वोर्ड्सच्या गोदामातली कोरियन रेल्वे

कोरियातलं एक रेल्वे म्युझियम मला तोंडपाठ आहे. आत शिरलं की समोर वाफेचं काळं इंजिन. ते डाव्या हाताला ठेवून पुढे गेलं की तिकीट खिडकी, मग जुने डबे, मग युद्धाचा काळ, मग वेगवान गाड्या आणि सगळ्यात शेवटी रुळांचा एक तुकडा. पायरी कुठे आहे, खांब कुठे आड येतो, लहान मुलं कुठे कंटाळतात, सगळं मला माहीत आहे. फक्त मी कोरियाला कधी गेलेले नाही. हे म्युझियम मी पाहिलं ते डब्लिन विमानतळाशेजारी, स्वोर्ड्समधल्या एका भाड्याच्या गोदामात. भिंतींच्या जागी जमिनीवर पिवळी टेप होती, रुळांच्या जागी निळी, आणि इंजिनाच्या जागी फ्रिजचं रिकामं खोकं.

डब्लिनच्या आमच्या मराठी मंडळात ओळख झाली की लगेच कामाची चौकशी होते. कुणी चिपच्या कारखान्यात असतो, कुणी औषधांच्या, बाकी सगळे कॉम्प्युटरवर. माझी पाळी आली की मी सांगते, "म्युझियममध्ये कानाला लावायचं यंत्र देतात ना, ते काय बोलणार ते मी ठरवते." समोरचा "अरे वा" म्हणतो आणि विषय मुलांच्या शाळेवर नेतो. यंदा मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांनीच धरलं, म्हणून एकदाचं नीट सांगून टाकते.

यंत्र गळ्यात अडकवायचं आणि त्याचा इअरफोन कानात घालायचा असतो. प्रत्येक वस्तूजवळ आम्ही बटणाएवढं एक उपकरण चिकटवतो. तुम्ही जवळ गेलात की यंत्राला ते कळतं आणि आवाज सुरू होतो. हे सगळं बसवतो डेक्लन. तो उत्तर आयर्लंडच्या सीमेलगतच्या गावचा. त्याच्या गावची रेल्वे तो जन्मण्याआधीच उखडली गेली, आणि त्याचा राग त्याला अजून आहे. यंत्रातून काय ऐकू यावं, किती यावं आणि कुठे थांबावं हे माझं काम. लिहिणं त्यात थोडं असतं, खरं काम कापण्याचं. म्युझियमवाले तासभर बोलतात, तज्ज्ञ त्याहून जास्त, आणि पाहुणा एका वस्तूपुढे दीड-दोन मिनिटांच्या वर उभा राहत नाही. म्हणजे मी लोकांचे आजोबा, पणजोबा, सरदार, पाद्री सगळे कापून बसवते. टेपच्या जमान्यात ब्लेडने कापत होते, आता माउसने कापते. हात बसला आहे. कापलेलं कुणाला कळू नये, एवढा बसला आहे, आणि त्याचा मला अभिमानही आहे.

घोटाळे होतात. एका किल्ल्याच्या भिंती इतक्या जाड होत्या की आमची उपकरणं गोंधळली. लोक तळघरातल्या कोठडीत उभे, बेड्यांकडे बघत, आणि कानात एक बाई गोड आवाजात लोणी कसं काढायचं ते सांगतेय. तक्रार एकानेही केली नाही. एक जर्मन गृहस्थ तर अभिप्रायाच्या वहीत लिहून गेले की कैद्यांना लोणी मिळत होतं हे ऐकून त्यांना फार बरं वाटलं.

दुसरा किस्सा एका जुन्या मठाचा. तिथल्या सिस्टरबाईंचा आग्रह होता की प्रार्थनेच्या खोलीत यंत्राने काहीच बोलू नये, लोकांनी मिनिटभर शांतता ऐकावी. कल्पना सुंदर होती. आम्ही तशी शांतता बसवली. पहिल्याच आठवड्यात निम्मी यंत्रं "बिघडलं आहे" म्हणून काउंटरवर परत आली. कानाला लावलेल्या यंत्रातून आवाज आला नाही की माणूस ते हलवतो, बटणं दाबतो आणि पुढे निघतो. शेवटी आम्ही त्या शांततेत घंटेचा बारीक आवाज घातला. सिस्टरबाई आमच्यावर रुसल्या, यंत्रं मात्र परत यायची थांबली.

तर ही कोरियन रेल्वे. त्या म्युझियमला परदेशी पाहुण्यांसाठी इंग्रजी निवेदन हवं होतं आणि काम फिरत फिरत डब्लिनजवळच्या डून लेरीतल्या आमच्या चार माणसांच्या ऑफिसात आलं. पहिले काही आठवडे मी पार चक्रावलेली होते. एकाच स्टेशनाला तीन काळांत तीन नावं. कोरियात मोटारी रस्त्याच्या उजवीकडून धावतात आणि आगगाड्या डावीकडून, त्यातही शहराखालची मेट्रो बरीचशी पुन्हा उजवीकडून. नकाशावर बोट ठेवून मी गाडी नेऊ लागले की ती समोरून येणाऱ्या गाडीवर जाऊन आदळायची. डेक्लनला विचारलं तर तो (माझ्या नावातला "द" त्याच्या तोंडी "ड" होतो) म्हणाला, "मंडा, डोंट वरी, आपल्याला गाडी चालवायची नाहीये."

म्युझियमच्या बाजूने सगळं बघत होत्या हान मॅडम. साठीच्या आसपासच्या, बारीक चणीच्या, व्हिडिओ कॉलवर कायम ताठ बसलेल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळायचं नाही. आवडलं तरी तोच चेहरा, नाही आवडलं तरी तोच. कॉल संपला की मी आणि डेक्लन एकमेकांना विचारायचो, "काय म्हणाल्या?" आणि दोघांची उत्तरं वेगळी निघायची.

खरा पेच होता शेवटच्या थांब्याचा, त्या रुळांच्या तुकड्याचा. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर जिथे वळते त्या जागेला सांधा म्हणतात. हा सांधा उत्तरेकडे जाणाऱ्या मार्गावरच्या शेवटच्या स्टेशनातला. देशाची फाळणी झाली, लाइन तुटली, पलीकडे गाडी जायची बंद झाली. त्या स्टेशनात सांधेवाला म्हणून ज्यांनी उभी नोकरी काढली, ते हान मॅडमचे वडील. नव्वदीला टेकलेले, हयात. मॅडमनी त्यांना बोलतं करून ते ध्वनिमुद्रित केलं होतं. पाहुण्याने त्यांचा आवाज कोरियनमध्ये ऐकायचा आणि यंत्राच्या पडद्यावर इंग्रजीत वाचायचं, अशी योजना होती.

म्हातारबुवा सांगत काय होते? रोज सकाळी मी सांधा उघडायचो. फडक्याने पुसायचो. तेल घालायचो. दांडा ओढायचो, रूळ उत्तरेकडे वळायचा. मग परत ओढून जागेवर आणायचो, कारण तिकडे जाणारी गाडी नव्हती. साहेब विचारायचे, कशाला करतोस? मी म्हणायचो, गंजू द्यायचं नाही. एवढंच.

बस, एवढंच. पण प्रत्येक वाक्यानंतर ते थांबायचे. साधेसुधे नाही, अगदी स्वस्थ थांबायचे. "फडक्याने पुसायचो" आणि मग काहीच नाही. दूर कुठेतरी घड्याळाची टिकटिक. मग "तेल घालायचो." पुन्हा टिकटिक. माझ्या हाताला अशा जागा दिसल्या की खाजच सुटते. मी त्या सगळ्या काढल्या. बोलणं निम्म्याहून कमी झालं, सुटसुटीत झालं. मला वाटलं, काम झकास जमलं.

हान मॅडमनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "हे माझे वडील नाहीत."

मी म्हटलं, आवाज त्यांचाच आहे. त्या म्हणाल्या, "हा माणूस घाईत आहे."

त्यांच्या म्युझियमच्या समितीचं म्हणणं सरळ होतं. छोटं ठेवा, नाहीतर काढून टाका. थांबत थांबत बोलणारा म्हातारा परदेशी पाहुणे ऐकणार नाहीत. मॅडमनी समितीकडून एक सवलत मिळवली होती. डब्लिनच्या चाचणीत लोक पूर्ण ध्वनिमुद्रण ऐकत उभे राहिले तर ते राहील, नाहीतर जाईल. कापलेलं त्यांना नकोच होतं. म्हणजे वडील पूर्ण राहणार किंवा अजिबात नाही, आणि हे ठरणार स्वोर्ड्सच्या गोदामात. त्यासाठी त्या स्वतः आयर्लंडला आल्या.

चाचणीला माणसं लागतात. आम्ही नेहमी मंडळाला हाक मारतो. डब्लिनच्या ओंगार आणि स्वोर्ड्स भागातली कुटुंबं शनिवारी सकाळी मुलाबाळांसह येतात, आम्ही नंतर मिसळ खायला घालतो. प्रत्येकाच्या कॉलरला एक छोटा माइक लावतो, कारण लोक चालताना जे पुटपुटतात ते नंतर विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांपेक्षा खरं असतं.

त्या दिवसांत माझी आई अकोल्याहून आली होती. तिला आमच्या ओंगारच्या घरात एकटं ठेवायला नको म्हणून बरोबर आणलं. गोदामात शिरून तिने जमिनीवरच्या टेपकडे पाहिलं, वरून एक विमान गेलं त्याकडे पाहिलं, आणि मला विचारलं, "मंदे, हे काय हाय?"

"कोरियाची रेल्वे आहे, आई."

"आन थो फ्रिज?"

"ते इंजिन समज."

"बरं," ती म्हणाली आणि तिच्या गळ्यात मी यंत्र अडकवलं. तिला इंग्रजी येत नाही, कोरियनचा तर प्रश्नच नाही. पण सगळ्यांच्या गळ्यात आहे आणि आपल्या नाही, हे बरं दिसलं नसतं.

डेक्लनने फ्रिजचं खोकं लाकडी पाटांवर उंच ठेवलं होतं आणि लोकांनी हात लावू नये म्हणून भोवती लाल रिबीन बांधली होती. आई त्याच्यासमोर गेली, क्षणभर थांबली, चपला काढल्या आणि खोकं उजव्या हाताला ठेवून त्याच्याभोवती फिरायला लागली. तिच्या मागे दोघी-तिघी बायका गेल्या. बायकांच्या मागे मुलं, मुलांच्या मागे बाप. आमचा मार्ग उलटा होता, इंजिन डाव्या हाताला ठेवण्याचा. पाच मिनिटांत सगळ्यांच्या कानात कोरियाचा इतिहास मागून पुढे वाजायला लागला. आधी वेगवान गाडी, मग युद्ध, मग डबे, आणि मग पहिली लाइन टाकल्याची घोषणा.

"आंटी, इट्स गोइंग बॅकवर्ड्स, लाइक," एक मुलगी माझ्याजवळ येऊन म्हणाली.

मी मराठीत ओरडत होते, डेक्लन इंग्रजीत. "तुम्ही लोक सगळे त्या बाजूने का गेलात?" त्याने मला विचारलं. मी प्रदक्षिणा समजावून सांगू लागले तर तो म्हणाला, "अगं, आमच्या गावात पवित्र विहिरीला फेऱ्या घालतात त्या पण याच बाजूने. मग मी मार्ग उलटा का आखला?" त्याने आखला नव्हताच. मार्ग कोरियाहून आला होता.

या सगळ्यात हान मॅडम कुठे होत्या? शेवटच्या थांब्याशी, निळ्या टेपच्या त्या तुकड्याजवळ, हात समोर बांधून उभ्या. त्यांच्या कानाला काही नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्याकडे त्या फक्त बघत होत्या.

आणि लोक जात होते. एक आला, पहिलं वाक्य ऐकलं, शांतता आली, यंत्राला टिचकी मारली, गेला. दुसरीने कानातलं काढून पाहिलं, परत घातलं, गेली. पुण्याचा नीलेश, चिपच्या कारखान्यात काम करतो, फार मदतीला येणारा मुलगा, तो तर धावत मला सांगायला आला. "ताई, शेवटच्या स्टॉपचा ऑडिओ हँग होतोय."

"हँग नाही होत. ते आजोबा थांबलेत."

"हो ना, तेच म्हणतोय. रिस्टार्ट करू का?"

हान मॅडम हे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर नेहमीप्रमाणे काही नव्हतं. मला वाटलं, झालं, म्हातारबुवा गेले. मनात आलं, मी कापलेलं तरी मॅडमनी घेतलं असतं तर निदान थोडे उरले असते. आणि लगेच वाटलं, घाईतला माणूस राहून तरी काय उपयोग.

तेवढ्यात आई तिथे पोचली. खोक्याभोवतीच्या फेऱ्या आटपून, चपला हातात घेऊन. ती टेपच्या कडेला उभी राहिली. तिचे ओठ हलताना दिसले तेव्हा मला वाटलं, तिला काहीतरी त्रास होतोय. मी धावत गेले. जवळ जाऊन ऐकलं तर ती म्हणत होती, "हं."

मग गप्प. मग पुन्हा, "हं."

गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार द्यायचा असतो, हे तिच्या हाडीमाशी आहे. लहानपणी आम्ही भावंडं गोष्ट ऐकताना झोपलो की जागे आहोत हे तिला हुंकारावरूनच कळायचं. हुंकार थांबला की गोष्ट थांबायची. इथे तिच्या कानात एक म्हातारा माणूस बोलत होता, थांबत होता, आणि ती त्याला रीतीप्रमाणे सांगत होती की मी ऐकतेय, बोला. तो थांबला की "हं." तो थांबला की "हं." प्रत्येक रिकाम्या जागेत एक. मी कापून फेकलेल्या प्रत्येक जागेत.

आणि समोर हान मॅडम. त्यांना ते ध्वनिमुद्रण पाठ होतं. कानाला काही न लावताही आईच्या हुंकारावरून त्यांना कळत होतं की वडील कुठपर्यंत आले. आईचा "हं" झाला की मॅडमचे ओठ पुढचं वाक्य म्हणायचे, आवाज न करता. मी दोघींच्या मधे उभी होते.

ध्वनिमुद्रण संपलं. आई थांबली. थोडा वेळ वाट पाहिली. मग जरा वरच्या आवाजात विचारलं, "मंग?"

यंत्र काही बोललं नाही. आई माझ्याकडे वळली. "काऊन गप झाला थो? आता तं बोलून रायला होता."

"संपलं, आई."

"असं कसं संपलं? त्यानं तं सांगतलंच नाई पुरतं."

"तुला काय कळलं त्यातलं?"

"मले काय कळते त्याची बोली? पन बैलाचं सांगून रायला होता ना? बैल मेला वाटते त्याचा."

हान मॅडमनी विचारलं, त्या काय म्हणताहेत. मला खोटं सुचलं नाही. मी सांगितलं की आईला वाटतंय, तुमचे वडील त्यांच्या मेलेल्या बैलाबद्दल बोलताहेत. मॅडमनी एकदम तोंडावर हात ठेवला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होत्या की रडत होत्या, मला सांगता येणार नाही. नंतर डेक्लनला विचारलं, तो म्हणाला हसत होत्या. नीलेश म्हणाला रडत होत्या.

मिसळ खाऊन सगळे गेल्यावर आम्ही बसलो. हिशेब सोपा होता. आलेल्या सगळ्या माणसांपैकी म्हातारबुवांना शेवटपर्यंत ऐकणारी एकच व्यक्ती होती, तिला भाषा कळत नव्हती आणि ती चाचणी घेणाऱ्या बाईची आई होती. असला पुरावा कुठल्याही समितीपुढे ठेवता येत नाही. मी मॅडमना म्हटलं, मला वाईट वाटतं. खरंच वाटत होतं. आपल्या घरचं म्हातारं माणूस दुसऱ्याच्या हातून पुसलं जाताना बघायला इतक्या लांब यायचं, हे कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

मॅडमनी एवढंच विचारलं, "तुमच्या आईला माइक लावला होता का?"

लावला होता. डेक्लनने वडिलांच्या आवाजावर आईचे हुंकार जोडून ती फाइल त्यांना दिली. त्यांनी कमरेत वाकून आईला नमस्कार केला, आईने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्या गेल्या. काम राहिलं की गेलं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. ईमेल पाठवलं, उत्तर नाही. डेक्लन रोज म्हणायचा, "इट'ल बी ग्रँड," म्हणजे होईल सगळं ठीक, आणि रोज थोड्या कमी जोरात म्हणायचा. आई अकोल्याला परत गेली. मी दुसऱ्या एका कामावर एका बिशपसाहेबांना कापायला बसले, पण मन लागेना. मधेच त्यांच्या शिष्टाचारी वाक्यांमधली एखादी शांत जागा दिसायची आणि माउसवर बोट अडायचं.

मग एका सकाळी हान मॅडमचा कॉल आला. त्याच ताठ बसलेल्या, तोच चेहरा. सामानाचं वर्णन सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

फाइल समितीला पाठवण्याआधी त्या घरी ऐकत बसल्या होत्या. वडिलांनी विचारलं, काय ऐकतेस? त्यांनी वडिलांच्या कानाला लावून दिलं. म्हातारबुवा आपलंच बोलणं ऐकू लागले. पहिला "हं" आला तसे ते सावरून बसले. दुसऱ्या "हं"ला मान हलवली. शेवटी "मंग?" आलं तेव्हा त्यांनी मुलीला विचारलं, ही बाई काय म्हणतेय? मॅडम म्हणाल्या, मला माहीत नाही, भारतातली एक आजी आहे. ते म्हणाले, "पुढे काय झालं ते विचारतेय." आणि सांगायला लागले.

पलीकडच्या स्टेशनात माझा थोरला भाऊ होता, ते म्हणाले. याच कामावर. लाइन तुटली तेव्हा मी लहान होतो. मोठा झाल्यावर मी मुद्दाम या स्टेशनात नोकरी मागून घेतली. तो तिकडचा सांधा पुसत असणार. इकडचा गंजला तर त्याला कुठल्या तोंडाने भेटू?

"मला काका आहे हे मला माहीत नव्हतं," हान मॅडम म्हणाल्या. "मी तीस वर्षं रेल्वेच्या म्युझियममध्ये काम करते. वडिलांना मी सगळं विचारलं आहे. दांड्याची लांबी विचारली आहे, तेल कुठलं ते विचारलं आहे." एवढं बोलून त्या थांबल्या. ही जागा कशाने भरावी हे मला कळलं नाही, म्हणून मी "हो, हो" म्हटलं.

मग त्या कामाचं बोलल्या. वडील राहणार. पूर्ण राहणार, नंतर ध्वनिमुद्रित केलेल्या नवीन बोलण्यासकट, सगळ्या रिकाम्या जागांसकट. आणि त्या जागांमधले आईचे हुंकारही राहणार, आईची हरकत नसेल तर. मी विचारलं, समिती कशी तयार झाली? त्या म्हणाल्या, "समितीला ते हुंकार काही समजले नाहीत. पण सगळे शेवटपर्यंत ऐकत बसले."

मी लगेच कामाला लागले. फाइल कुठल्या फॉरमॅटमध्ये देणार, हुंकाराचा आवाज किती खाली ठेवायचा, पडद्यावर "हं" चं भाषांतर दाखवायचं की नाही, "मंग" चं काय करायचं, परवानगी लेखी हवी की तोंडी, सगळं एका दमात विचारून घेतलं. त्यांनी सगळ्याची नीट उत्तरं दिली. कॉल संपल्यावर डेक्लनने ऑफिसात एक फेरी नाचत मारली, उलट्या बाजूने.

मग मी अकोल्याला फोन लावला. आईला सांगितलं की तिचा आवाज आता कोरियात वाजणार, रोज शेकडो माणसं तो ऐकणार. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. "बरं," म्हणाली. "थो मानूस बरा हाय ना?"

"बरा आहे. आणि आई, तो बैल नव्हता. भाऊ होता त्याचा. पलीकडे राहिलेला, मोठा भाऊ." मी तिला सगळं सांगितलं, म्हातारबुवांनी सांगितलं तसं. मधेमधे तिचा "हं" येत होता.

माझं सांगून झालं तेव्हा ती म्हणाली, "मंग? भेटला काय थो त्याले?"

मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, हे मी विचारलंच नव्हतं. फोनच्या पलीकडे आई गप्प राहून वाट बघत होती.